खाटेवरची पाटी

शिरूरच्या त्या दवाखान्यात आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. खाटेच्या वर भिंतीला पाटी लटकत होती: ‘उपाशी ठेवणे’. पण भुकेपेक्षा त्यांना उकाडाच जास्त छळत होता आणि ते साऱ्या वॉर्डला ऐकवत होते. शेजारच्या खाटेवर सणसवाडीच्या कंपनीतला एक कामगार होता, साखरेमुळे पायाची जखम चिघळलेली. सकाळचं इन्सुलिन टोचून झालं आणि तो लंगडत उठला.

“आबा, तुम्ही पंख्याखाली या. मी झोपतो तिकडं.”

वडीलधाऱ्याला असा मान देणारा माणूस बघून मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं सिस्टर त्याच्या जखमेचं इंजेक्शन घेऊन आली ती थेट आबांकडे. आबांनी दंड पुढे केलाच होता. तिनं मनगटावरचा पट्टा स्कॅन केला आणि मशीन किंचाळलं. स्क्रीन लालभडक: पेशंट वेगळा, या औषधाची ॲलर्जी.

सिस्टर रडायलाच लागली. अशी चूक मशीन आपोआप मोठ्या डॉक्टरांना कळवतं म्हणे. आबा विरघळले.

“पोरीच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई. कुणी काय बोलायचं न्हाई.”

सगळ्या वॉर्डनं माना डोलावल्या.

डॉक्टर आले. “मशीनवर रिपोर्ट आलाय. कुणाला शिक्षा करायची नाही, पुन्हा होऊ नये म्हणून विचारतोय. खाटा बदलल्या होत्या का?”

“न्हाई,” आबा ठणकावून म्हणाले. “मशीनच येडं हाय तुमचं.”

मला संताप आला. मरता मरता वाचले आणि मशीनलाच वेडं ठरवतात! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून कण्हणं ऐकू आलं. तो कामगार घामानं निथळत होता, हात थरथरत होते.

“नाश्ता केला का?” डॉक्टर ओरडले.

“नाश्ता वाटणाऱ्या मावशी म्हनल्या... पाटी हाय... उपाशी ऱ्हायचं.”

मी वर पाहिलं आणि हादरलेच. इन्सुलिन घेतलेला माणूस आमच्या आबांच्या पाटीखाली उपाशी पडला होता.

“बदलल्या! बदलल्या खाटा! माझी पाटी हाय ती!” आबांचा आवाज चिरकला.

साखरेचं पाणी पोटात गेल्यावर तो हळूहळू सावरला. आबा पंख्याखालच्या खाटेच्या कडेला नुसते बसून होते, आडवं व्हायला तयार नव्हते. त्याचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

“झोपा की आबा,” तो म्हणाला. “वारं लागतंय न्हवं?”