आबांच्या मुठीतलं मनगट

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते जालन्यातल्या माझ्या घरमालकीण काकूंचं. राजस्थानातून आलेलं, लोखंडाच्या व्यापाऱ्याचं घर. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. गुडघे दुखायचे म्हणून काकू इंदूरला माहेरी राहून 'ताई ची' शिकून आल्या होत्या. ही चिनी युद्धकला, पण करणारा माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसतो. पुढे मला जालन्यातच नोकरी लागली आणि खोली सोडून मी बदनापूरजवळच्या आमच्या गावाहून गाडीने ये-जा करू लागलो. बहीणही कॉलेजसाठी माझ्याबरोबर येऊ लागली, तेव्हा काकूंनी तिला हे शिकवायला गच्चीवर बोलावलं. तिचं मनगट धरायला जोडीदार मीच.

"ओढू नको बेटा," काकू सांगायच्या. "ओढलं की त्याला कळतं तू कुठं पळते. त्याच्याकडेच जा. खांदा सोड, कंबर फिरव."

गेल्या हिवाळ्यात बदनापूर स्टेशनवर एका पोराने खरंच तिचं मनगट धरलं. मी तिकिटाच्या खिडकीपाशी होतो. धावत पोचलो तर तो फलाटावर बसलेला आणि ही बाजूला उभी. संध्याकाळी आम्ही घरी येण्याआधीच गावात बातमी पोचली होती, तीही मारामारीची.

आबा, म्हणजे आमचे वडील, गोठ्यात कडबा टाकत होते. वर न बघता म्हणाले, "बास झालं कॉलेज."

"आबा, तिनं कुनाला मारलं न्हाई," मी म्हणालो.

"मंग त्यो काय फलाटावर जेवाया बसल्ता?"

"मी नुसता हात सोडवला, आबा," बहीण म्हणाली.

"ते गोगलगायीवानी हात हलवून?" आबांनी हातातली पेंडी टाकली आणि तिचं मनगट धरलं. "सोडव बरं. सुटला तं जाय सोमवारी. न्हाई सुटला तं घरीच ऱ्हाय."

आबांची मूठ मला माहीत होती. दावं तोडून निघालेला गोऱ्हा ते एका हाताने थांबवतात.

बहीण घाबरली आणि तिने हात ओढला. आबांची मूठ आणखी आवळली. तिने पुन्हा ओढला.

"बघ," आबा मला म्हणाले. "ह्येच शिकवलं व्हय तुझ्या काकूनं?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ओढू नको. पण मी बोललो असतो तर आबांनी ते सुटणं मानलंच नसतं. दुसरं वर्ष, तिची परीक्षा, सगळं त्या मनगटात अडकलं होतं.

तिने डोळे मिटले. खांदा खाली आला. मग ती आबांच्या दिशेने सरकली, इतकी जवळ की तिचं कपाळ त्यांच्या सदऱ्याला टेकलं. मोठी झाल्यापासून ती त्यांच्याजवळ अशी उभी राहिली नव्हती. आबा गडबडले. त्याच क्षणी तिची कंबर फिरली, आबांचा अंगठा उघडला आणि ते तोल जाऊन गव्हाणीकडे झुकले. पडणार, तोच तिने त्यांचा कोपर धरला.

आबांनी पेंडी उचलून बैलापुढे टाकली आणि ते बाहेर निघून गेले. रविवारभर घरात कुणी कॉलेजचं नाव काढलं नाही.

काकू तेव्हा इंदूरला होत्या. फोनवर मला एवढं बोलता आलं नसतं, म्हणून पत्र पाठवलं:

"ती. स्व. काकूंस सा. न. वि. वि.

गोठ्यात काय झालं ते सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिलं आहे. आज सोमवार. आबांनी सकाळी मोटारसायकल काढली, बहिणीला मागे बसवलं आणि मला म्हणाले, 'तू ये पायी.' मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागली होती. आबा तिच्या डब्याच्या खिडकीपाशी उभे होते. तिच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ आहेत. ते आबांना दिसू नयेत म्हणून ती आज लांब बाह्यांचा ड्रेस घालून गेली. मी पुढच्या गाडीसाठी मागे थांबलो. गाडी हलल्यावर आबांनी मला विचारलं, 'लई दुखतंय का तिला?' मी 'नाही' म्हणालो.

तुमचे उपकार कसे फेडावे, कळत नाही. गुडघ्यांना जपा.

आपला आज्ञाधारक"