कुणीतरी वीज पितंय

हेमेदी लिकोको आमच्या गावच्या जंगलाचा राखणदार. मी त्याला ओळखते ते तो खांद्यावर करवत टाकून फिरायचा तेव्हापासून. तरुणपणी तो स्वतःच चोरून झाडं पाडायचा. म्पिंगोच्या झाडाचं महागडं, काळंकुट्ट लाकूड रातोरात ट्रकमध्ये भरून बंदराकडे जायचं, आणि याच्या हाती यायचे चार दिवसांच्या मिठा-मासळीपुरते शिलिंग. पुढे जंगल गावाच्या ताब्यात आलं. परवानगीने विकलेल्या लाकडातून शाळेवर पत्रे चढले, विहीर झाली. राखणदार नेमायची वेळ आली तेव्हा सभेत एक म्हातारा म्हणाला, "ह्या हेमेदीला सगळ्या चोरवाटा ठाऊक आहेत. ह्यालाच ठेवा." लोक हसले. हेमेदी हसला नाही. त्या दिवसापासून त्याने करवतीला हात लावला नाही.

गावाने त्याला मोटरसायकल घेऊन दिली. लाल रंगाची, चिनी बनावटीची. बायको सोमोए अंगाभोवती गुंडाळायची त्या जुन्या कांग्याच्या कापडाने तो ती रोज पुसायचा. सोमोए म्हणायची, "मला एवढं कधी पुसलं नाही."

माझी चहाची चूल चिंचेखाली आहे, आणि त्याच चिंचेखाली चिंगुविले गाड्या दुरुस्त करतो. मधे फक्त एक बाकडं. त्यामुळे गाडीला काय झालं आणि माणसाला काय झालं, दोन्ही माझ्या कानावर येतं.

काजूच्या फुलोऱ्याच्या दिवसांत हेमेदीच्या गाडीचं दुखणं सुरू झालं. सकाळी बटण दाबावं तर आतून नुसती कुरकुर. हॉर्न घसा बसल्यासारखा. त्या गाडीला ठिणगीसुद्धा बॅटरीतूनच लागायची, म्हणजे बॅटरी मेली की गाडी मेली. चिंगुविलेने नवी बॅटरी बसवून दिली. आठवडाभरात तीही बसली.

"कुणीतरी करणी केलीय," बाकड्यावरचे लोक म्हणायचे. "रात्री येऊन कुणीतरी तुझी वीज पितंय, हेमेदी."

"पिऊ दे. त्याला झटका बसेल तेव्हा कळेल," हेमेदी म्हणायचा. पण चेहरा उतरलेला असायचा. कारण दुखणं एवढंच नव्हतं. जंगलात करवतीचा आवाज येतोय असं कुणी सांगितलं की तो सुसाट निघायचा आणि पोचायचा तेव्हा तिथे फक्त ताजे बुंधे. एकदा तर चूल पेटलेली होती आणि मगातला चहा अजून कोमट होता. पण माणूस एकही नाही. जणू त्यांना कुणीतरी सांगत होतं, आता निघा, तो येतोय. गावात कुजबुज सुरू झाली. राखणदार चोरांना मिळालेला दिसतोय. जुनी सवय, दुसरं काय. माझ्याकडे चहा पिता पिता लोक हे बोलायचे आणि तो आला की गप्प व्हायचे. त्याला ते गप्प होणं ऐकू यायचं.

मग तो दिवस आला. गाडी जंगलात बंद पडली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. रेताड वाटेवरून हेमेदी ती ढकलत निघाला. चढ चढून वर आला, तिथे फोनला रेंज मिळते. तिथे पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"काय रे," पलीकडचा माणूस अगदी मायेने बोलला, "आज गोगलगायीसारखा चाललायस. जड झाली का गाडी?"

फोन बंद झाला. हेमेदी जागच्या जागी उभा राहिला. त्याने प्रत्येक झाडामागे पाहिलं. पानसुद्धा हलत नव्हतं.

गाडी ढकलत चिंचेखाली आणून त्याने हे मला आणि चिंगुविलेला सांगितलं.

चिंगुविले म्हणाला, "गाडी ठेव इथे. ह्या वेळी बॅटरी बदलायची नाही. ती बिचारी निर्दोष असेल कदाचित."

त्याने बॅटरी काढली, पिठाच्या गिरणीवर नेऊन पूर्ण चार्ज केली आणि कशालाही न जोडता रात्रभर फळीवर ठेवली. सकाळी मोजली, होती तेवढीच भरलेली. "बघ, हिच्यात खोट नाही." मग गाडीत बसवून इंजिन चालू केलं, पुन्हा मोजली. गाडी बॅटरीला नीट वीज देत होती. "म्हणजे येतंय बरोबर, राहतंय बरोबर. मग जातंय कुठे?"

मग त्याने किल्ली काढून हेमेदीच्या खिशात टाकली. बॅटरीची एक तार सोडवली आणि ती तार न् बॅटरी यांच्या मधे एक छोटा दिवा जोडला. "गाडी बंद आहे. कुणी वीज घेत नसेल तर हा दिवा लागायला नको."

दिवा लागला. लालसर, मंद. आणि मधूनच तेज व्हायचा, पुन्हा मंदावायचा. कुणी श्वास घेतंय तसा. मी चुलीवरचं आधण तसंच सोडून उठले.

चिंगुविले खाली वाकला. त्याने फ्यूज काढला. दिवा तसाच. हॉर्नची तार सोडवली, चार्जिंगची सोडवली. तसाच. शेवटी त्याने सीट काढली, टाकी उचलली आणि बॅटरीच्या टोकापासून एकेक तार बोटाने चाचपत गेला. एक तार फ्यूजच्याही आधी जोडलेली होती. काळ्या पट्टीत गुंडाळून ती बाकीच्या तारांच्या जुडीत लपवली होती. टाकीखाली ती काडेपेटीएवढ्या एका डबीत शिरत होती. डबीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हे चोरीच्या गाड्या शोधायचं यंत्र," चिंगुविले हळू आवाजात म्हणाला. "गाडी कुठे आहे, किती वेगाने चाललीय ते कुणाच्या तरी फोनवर दिसतं, आणि रेंज नसताना कुठून कशी आली तेही रेंज मिळताच कळतं. जंगलात जिथे रेंज नसते तिथे हे ती शोधत बसतं आणि जास्तच वीज खातं. म्हणून तू जंगलात गेलास की तुझी बॅटरी मरायची."

हेमेदीने डबीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. तेवढ्यात चिंगुविलेने तारेचा जोड पुढे केला. जोड पिळून नव्हे, कथील ओतून केलेला होता. तसा जोड आमच्या गावात एकच माणूस करतो. फोन दुरुस्त करणारा नासोरो. सोमोएचा धाकटा भाऊ. हॅण्डलवर फोन चार्ज करायची पिन बसवायला हेमेदीने गाडी त्याच्याकडेच ठेवली होती.

"तो माझ्या ताटात जेवतो," हेमेदी एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "पोलिसांकडे जा."

"आणि सांगू काय? माझ्या मेहुण्याने डबी लावली? करवतवाले तर मोकळेच राहतील." त्याने डबी पुन्हा टाकीखाली सरकवली. मग म्हणाला, "उस्ताद, ही होती तशी जोडून दे."

त्या संध्याकाळी घरी जेवताना त्याने नासोरोसमोर मुद्दाम सांगितलं, "उद्या मी नांदेतेच्या डोंगराकडे चाललोय. एकटाच. दिवसभर तिकडेच."

नासोरोने मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा मोडता मोडता विचारलं, "एकटे कशाला, दाजी? कुणाला तरी न्या की बरोबर."

सोमोए नंतर मला म्हणाली, तेव्हा त्याच्या आवाजात काळजी होती. खरी काळजी. तिला तेच सहन होत नाही.

बेत साधा होता. गाडी नांदेतेला जाणार, आणि हेमेदी गावच्या जंगल समितीतली माणसं घेऊन पायी उलट्या दिशेला, जिथे मोठे म्पिंगो आहेत तिकडे. पण गाडी आपोआप जात नाही. चिंगुविले म्हणाला, "मी नेतो. डोंगरावर जाऊन झोपतो दिवसभर. तेवढीच विश्रांती." हेमेदीने त्याला आपलं हिरवं जॅकेट दिलं, कुणी लांबून पाहिलंच तर ओळख पटावी म्हणून. मी दोघांना चहा दिला. चिंगुविलेने अर्धाच प्यायला. "परत येऊन पितो," म्हणाला.

हेमेदीचा अंदाज बरोबर निघाला. उन्हं चढायच्या आत त्यांना करवतीचा आवाज आला. कापणारे बेसावध होते. राखणदार नांदेतेला आहे अशी त्यांची खात्री. दोघे पळाले, तिघे सापडले, करवती सापडल्या. समितीतल्या एकाने हेमेदीच्या पाठीवर थाप मारली. "बघू आता कोण म्हणतो तू मिळालेला आहेस!" हेमेदी कितीतरी महिन्यांनी हसला.

पकडलेल्यांतला एकजण त्याच्याकडे टक लावून बघत होता. "तू इथे कसा?" तो म्हणाला. "तू तर पुलाजवळ असायला हवा होतास."

"कुठल्या पुलाजवळ?"

त्या माणसाने मान खाली घातली.

हेमेदी धावत सुटला. वर चढाला रेंज आली आणि फोन वाजला. नासोरो होता. रडत होता.

"दाजी! दाजी, तुम्ही बोलताय ना? गाडी नांदेतेच्या वाटेवर, ओढ्याच्या पुलावर थांबलीय. कधीची हलत नाहीये. मी फोन करतोय, ते लोक उचलत नाहीत. मला म्हणाले होते नुसतं कुठे आहे तेवढं सांग, आम्ही बाजूला होऊ. एवढंच म्हणाले होते, दाजी, आईची शपथ!"

"गाडीवर मी नाही रे," हेमेदी म्हणाला. "चिंगुविले आहे."

नासोरो हेमेदीच्या आधी पुलावर पोचला. तारेने आडवा बांधलेला ओंडका तसाच होता. गाडी ओढ्यात पडलेली होती आणि चिंगुविले काठावर, हिरव्या जॅकेटमध्ये. कोयत्याचे वार उजव्या हातावर आणि खांद्यावर होते. जॅकेट ओढून चेहरा पाहिल्यावर वार करणारे निघून गेले होते. "अरे, हा तो नाहीच," असं कुणीतरी म्हणालेलं चिंगुविलेने ऐकलं होतं. म्हणून तो जगला. नासोरोने त्याला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं.

नासोरोने पोलिसांना सगळी नावं सांगितली, स्वतःचंसुद्धा. तो आता तुरुंगात आहे. हे चोरीचं लाकूड विकत घेणारा मुख्य व्यापारी मात्र सापडला नाही. कुणी म्हणतं सीमेपलीकडे गेला, कुणी म्हणतं शहरातच आहे. सोमोए महिन्यातून एकदा भावाला डबा घेऊन जाते. हेमेदी तिला बसपर्यंत सोडतो, पण स्वतः जात नाही.

चिंगुविलेची उजवी बोटं नीट मिटत नाहीत. तो डाव्या हाताने काम शिकतोय आणि घट्ट बसलेला नट असला की मला हाक मारतो, "मावशी, पाना धर जरा." हेमेदी रोज सकाळी येऊन त्याचं अवजारांचं खोकं बाहेर काढून देतो. दोघांना त्या दिवसाविषयी एकमेकांशी बोलताना मी कधी ऐकलं नाही. एकदाच हेमेदी म्हणाला, "जॅकेट द्यायला नको होतं." चिंगुविले म्हणाला, "मी मागितलं असतंच. थंडी होती."

गाडी दुरुस्त झाली. बॅटरी आता टिकते. हेमेदी अजून राखणदार आहे. दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नाही. कुठे जाणार ते तो कुणाला सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. मागच्या आठवड्यात माझ्या चुलीपाशी उभा असताना त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने तो कानाला लावला आणि काही न बोलता ऐकत राहिला. मी विचारलं, "कोण होतं?"

"कुणी बोललं नाही," तो म्हणाला आणि गाडी सुरू करून जंगलाकडे निघून गेला.