काळ्या मातीनं अडवलेलं रंगाचं पाणी

अचलपूरला म्हणून निघालो आणि मूर्तिजापूरच्या पुढे गेलोच नाही. त्या वर्षांत पेपरात वऱ्हाड म्हटलं की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची एकच बातमी असायची, म्हणून ही दुसरी लिहून ठेवतो.

अमरावतीत गिला वडा हाणला आणि एसटी धरली. बडनेऱ्यानंतर रस्ता खड्ड्यांचा; खिडकीशी बसा, पण काचेला डोकं टेकू नका. पुढे मूर्तिजापूरहून शकुंतलेनं, त्या छोट्या रेल्वेनं, हौसेखातर जाणार होतो. तिकीट स्वस्त, घाई असेल तर बसू नका. स्टेशनवर जुना दोस्त रफिक भेटला. त्याच्या घरचा सूत रंगवायचा कारखाना गावाबाहेर आहे. "चाल, खड्डा दाखवतो तुले," म्हणाला. शकुंतला गेली, मी खड्डा पाहायला गेलो.

खड्डा रंगाच्या सांडपाण्याचा. ते झिरपून शेजारच्या सुलभाकाकूंच्या विहिरीत उतरलेलं. काकांचं धोतर तिथं धुतलं की गुलाबी निघायचं. झिरपणं थांबलं नाही तर कारखान्याला टाळं, असं ग्रामपंचायतीनं बजावलं होतं.

अकोल्याच्या एका इंजिनीअर मॅडमनी उपाय सांगितला: खड्डा उपसा, काळी माती ओली करून थरावर थर ठोका. ओली काळी माती फुगते, पाणी अडवते. मंडळींनी ठोकली, आणि नांगरलेलं वावर उन्हाळ्यात तापू देतात तशी तापू दिली. मी पोचलो तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"थे काय वावर हाय तापवाले?" काकूंनी रफिकच्या अब्बांना झापलं.

"भाभी, तुमीच तर म्हनल्या, चांगलं तापू द्या."

"म्या म्हनलं, अन् तुमी आयकलं? आजलोक कदी आयकलं का?"

मग सगळं उकरून पुन्हा भिजवलं. मीही थांबून धुमसानं माती ठोकली. थर वाळायच्या आत त्यावर ओली पोती, पोत्यांवर मुरूम. जेवायला काकूंची भाकर-ठेचा, वर अब्बांकडची खिचडी.

पारख साधी होती. खड्ड्यात चांगलं पाणी भरलं, त्यातच एक भरलेली बादली ठेवली आणि दोन्हीकडे पातळीची खूण केली. बादलीचं पाणी फक्त ऊन पिणार. खड्ड्याचं त्याहून जास्त उतरलं तर माती हरली. काही दिवसांनी सरपंचांसमोर पट्टीनं मोजलं. दोन्ही सारखंच उतरलेलं. अब्बांनी पट्टी पुसून पुन्हा लावली. तेवढंच.

"काहून घाबरता, आपलीच माती हाय," काकू म्हणाल्या.

टाळं टळलं. मी अमरावतीला परतलो तेव्हा नखांत काळी माती होती, आणि भेटेल त्याला मी ती दाखवत होतो.

अचलपूर अजून पाहिलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात रफिकचा फोन आला. काकूंनी विहिरीवर धोतर धुतलं होतं, आणि ते पांढरं निघालं होतं.