काशिनाथची उलटी गिटार

जव्हारला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेजारी देवरामकाका सुतार. ज्याची मोटार जळते, तो ती होईपर्यंत काकांच्या ओट्यावर बसतो. बसला की बोलतो. त्यामुळं आमच्याकडं किस्से फार साठतात! पण काशिनाथच्या गिटारचे किस्से कुणी सांगितलेले नाहीत. ते आमच्या डोळ्यांदेखत घडले.

काशिनाथ पोशेऱ्याचा. लग्नांत बँजो पार्टीबरोबर गिटार वाजवायचा, सीझन संपला की कारखान्यात कामाला जायचा. तिथं प्रेस मशीनखाली डाव्या हाताची तीन बोटं गेली. सूर दाबायचा तोच हात.

वर्षभरानं तो काकांकडं आला. "काका, आता उजव्यानं सूर दाबीन, डाव्यानं तारा छेडीन. तशी उलटी गिटार हिकडं कुठं मिळायची नाय. तुम्ही बनवा."

काकांनी जन्मभर दारं आणि खाटा केलेल्या. म्हणाले, "दार डावीकडं उघडायचं का उजवीकडं, एवढंच गिऱ्हाईक मला सांगतं. तू पण तेवढंच सांग!"

*

काशिनाथनं मित्राची गिटार उलटी धरून मोबाइलवर सेल्फी काढला. काकांनी तो बघून महिनाभर खपून गिटारचं धड कापलं, घासलं, गुळगुळीत केलं.

काशिनाथनं ते छातीशी धरलं, मग फिरवून पुन्हा धरून बघितलं. सेल्फीत डावं-उजवं उलटं होतं, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. धड नेहमीच्या गिटारसारखंच झालं होतं. दहा बोटांच्या माणसासाठी.

काकांनी ते त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं. "चूक माझी. दुसरं करू."

*

दुसऱ्याला चांगलं लाकूड नव्हतं. चार दिवसांनी काशिनाथची आई, सुक्रीबाई, जीपनं आली. जीपच्या टपावर त्यांच्या आतल्या खोलीचं जुनं सागवानी दार!

"मावशी, दार काढलंत?" मी विचारलं.

"पडदा लावलाय. आत हाये काय चोराला न्यायला? पोरगा वरीसभर भिंतीकडं तोंड करून निजतोय. त्याला नेला तर नेऊ दे!"

आम्ही हसलो. ती हसली नाही.

*

तारांखालचा, सूर पकडून स्पीकरकडं धाडणारा पिकअप मी गुंडाळत होतो. चुंबकाभोवती केसाएवढी बारीक तार, हजारो वेढे. सूर्यमाळचा एक जण बोअरची मोटार घेऊन बसला होता. भर उन्हाळा. त्याला काशिनाथची हकीकत कळली तसा म्हणाला, "याचं आधी करा. आमचं काय, पाणी येतंय डोक्यावरून."

"कुणाच्या डोक्यावरून?" काकांनी विचारलं.

"बायकोच्या," तो म्हणाला. मी त्याची मोटार आधी केली.

*

सगळ्यात अवघड काम सांध्याचं. धडात खाच, खाचेत गिटारच्या मानेचं टोक. काकांचा नियम असा: सरस नाही, स्क्रू नाही, नुसती मान धरून उचलायची. धड पडलं नाही, तर सांधा जमला. दोनदा सैल झालं, दोनदा पडलं, दोनदा काकांनी नवी मान केली. मी खाली गोधडी धरून उभा!

तिसरी मान केसभर जाड राहिली. काकांनी पटाशी काशिनाथपुढं धरली. "तू काढ."

अपघातापासून त्यानं धारेच्या वस्तूला हात लावला नव्हता. भाजीसुद्धा आई चिरायची.

"जास्त गेलं तर, काका?"

"तर चौथी करू. हात थरथरतोय तोवर थांब. थांबला की काढ."

तो बराच वेळ थांबला. मग कांद्याच्या सालीएवढा एक पापुद्रा निघाला. त्यानं मान खाचेत दाबली आणि उचलली. धड जागचं हललं नाही. मी आपला गोधडी धरूनच.

"सोड आता ती!" काका माझ्यावर ओरडले.

*

पोशेऱ्यात एका हळदीला तो पहिल्यांदा वाजवायला बसला. काका आणि मी गेलो होतो. दुपारची वेळ. दोन गाणी झाली आणि लाइट गेली. स्पीकर मुका झाला, माणसं पांगायला लागली. काशिनाथ मान खाली घालून वाजवतच राहिला.

हळदीनं माखलेली नवरी उठली. त्याच्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसली आणि गिटारच्या लाकडाला तिनं कान लावला. डोळे मिटले.

"येतंय," ती म्हणाली.

मग रांग लागली.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ गिटार घेऊन दुकानात आला. पॉलिशवर कानाचा पिवळा ठसा होता. काका असे, की नव्या खाटेवर बोटाचा डाग दिसला तरी पॉलिशपेपर घेऊन बसतात. त्यांनी गिटार उजेडाकडं धरून पाहिली, ब्रश घेतला, आणि त्या ठशावर पारदर्शक पॉलिशचा एक हात मारला.

"कुणी हात लावू नका," म्हणाले. "वाळू दे."