गावाच्या मातीचा एडका

आमची आत्या कुणाच्या घरी गेली की चहा घ्यायची नाही, माती मागायची. "च्या नको गं, बांधावरची मूठभर माती दे," म्हणत पदराची खोळ पुढं करायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आई मात्र लाजेनं अर्धी व्हायची. नणंद नवऱ्याचं घर सोडून माघारी आलेली, आणि वर ही असली मागणी!

कळस गावाच्या पुढं आमची वस्ती आहे. पूर्वी घरोघरी मेंढरं होती, आता ऊस आहे. आत्या पुण्याला मूर्तिकाम शिकली होती. लग्नानंतर सगळं सुटलं, आणि परत आली ती गोठ्यामागं भट्टी घालून बसली. बारामतीच्या नर्सऱ्यांना कुंड्या देऊन तिचं भागायचं. पण जीव अडकलेला मोठ्या मूर्तींत, आणि त्यातही तिचा एक हट्ट होता. एकाच मूर्तीत वेगवेगळ्या मात्या घालायच्या, म्हणजे भाजल्यावर जिचा तिचा रंग आपोआप उठतो, वरून रंगवायला नको.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण माती वाळताना आटते, म्हणजे आकसते, भाजताना आणखी आटते, आणि प्रत्येक माती आपल्याच मर्जीनं आटते. म्हणून कोणती किती आटते ते बघायला आत्या प्रत्येकीच्या बोटभर पट्ट्या करून गोठ्याच्या पत्र्यावर वाळत घालायची. त्याच पत्र्यावर आईच्या कुरडया असायच्या. उन्हाळाभर आमच्या घरात दुसरं भांडण नसे. "माझ्या कुरडया पाव्हण्यांच्या ताटात जात्यात, तुमच्या पट्ट्या कुणाच्या ताटात जायाच्यात?" आई विचारायची. आत्या पट्ट्या जराशा सरकवून म्हणायची, "वैनी, एवढं ऊन हाय. दोघींना पुरंल."

फार आटणाऱ्या मातीत ती भाजलेल्या खापराची भुकटी मिसळायची, म्हणजे तिची ओढ कमी व्हायची. दोन मात्या एकदम शेजारी लावायची नाही. मध्ये दोघींच्या मिश्रणाचा पट्टा द्यायची. "एकदम गळ्यात गळा घातला की चीर जाती. आधी वळख करून द्यावी लागती," म्हणायची. स्वतःच्या लग्नाविषयी ती याहून जास्त कधी बोलली नाही.

मग वस्तीनं बिरोबाच्या देवळापुढं मातीचा मोठा एडका, म्हणजे नर मेंढा, बसवायचं काढलं. मेंढरं तर गेली, निदान देवापुढं एक असू दे. देवळाचं सगळं बघणारे तात्या आत्याकडं आले आणि त्यांनी शब्द दिला, एडका नीट उभा राहिला तर देवळामागचा पडीक मेंढवाडा तिच्या भट्टीला द्यायचा. आत्याला त्या जागेची निकड होती. माझ्या भावांना गोठ्यामागं खोल्या काढायच्या होत्या, आणि भट्टी कधी हलवणार हा विषय रोज जेवताना निघायचा. मी बारामतीला नोकरीला होते. शनिवारी एसटीनं आले की तेच ऐकायचे. भावांचा मला तेव्हा राग यायचा, अजून येतो.

पुढं मानाचं प्रकरण निघालं. एडक्यात प्रत्येक घरच्या रानातली माती हवी! दुसऱ्या कुणी हात जोडले असते. आत्याचं तोंड मात्र फुललं. काळी, तांबडी, मुरमाड, सगळ्यांच्या पट्ट्या पत्र्यावर चढल्या आणि आईच्या कुरडया शेजारणीच्या छपरावर गेल्या.

अडचण आली ती दगडूआबांच्या मातीची. त्यांच्या रानात चुनखडी, ऊस पिवळा पडायचा. आबांच्या वडलांनी देवाला सोडलेली मेंढरं विकली, त्याचंच हे फळ, अशी वस्तीत कुजबुज होती. त्या घरात मुलगी द्यायलाही लोक बिचकायचे. आत्यानं त्यांची पट्टी भाजली. निघाली तेव्हा ठणठणीत होती, पण काही दिवसांत आतला चुना हवेतली ओल पिऊन फुगला आणि पापुद्रे उडाले. आबा धुतलेल्या फडक्यात माती बांधून आले तेव्हा तिनं ती पट्टी त्यांच्यापुढं धरली.

"आबा, ही माती दगा देती. ऱ्हाऊ द्या."

आबा उंबऱ्याबाहेरच उभे होते. "तात्याची चालती, समद्यांची चालती. माजीच न्हाय घेतली तर मी हितला न्हाय व्हय?"

आत्यानं फडकं घेतलं. माती पुन्हा धुतली, वस्त्रगाळ केली, भुकटी घालून नवी पट्टी भाजली. ती टिकली. तेव्हा तिनं त्या मातीचा थर एडक्याच्या कपाळावर दिला. मी म्हणाले, "आत्या, नको गं." तर म्हणते, "कपाळावर वजन येत न्हाय. पाय नि मान भक्कम मातीची हाय." कारागीर म्हणून तिचं बरोबर होतं. लोकांची नजर आधी कुठं जाते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

भागाभागानं भाजून जोडलेला एडका माणसाहून उंच झाला. तांबडी छाती, काळपट पाठ, पिवळसर शिंगं आणि कपाळावर फिकट चांद. माघारी आल्यापासून आत्याला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नव्हतं. एडका देवळापुढं बसवला त्या दिवशी तात्यांच्या बायकोनं आपणहून तिला कुंकू लावलं. आत्या रडली, आणि तिला बघून आईही रडली.

श्रावणातल्या दमट हवेत एडक्याचं कपाळ फुटलं. सकाळी पुजाऱ्याला खाली कपच्या पडलेल्या दिसल्या आणि दुपारी देवळात सगळी वस्ती जमली. "देवाच्या एडक्याचं कपाळ फुटलं," तात्या म्हणाले. "कुणाच्या तरी मातीत खोट हाय. कुणाची माती कुठं घातली ते तुलाच ठावं. नाव घे."

"चुन्याचा कण ऱ्हातो, तात्या. वल लागली की फुगतो. त्यात देवाचं काय न्हाय."

"कण कुणाच्या रानातला?"

दगडूआबा खांबाला टेकून खाली बघत होते. आत्यानं त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

"माझी माती," ती म्हणाली. "गोठ्यामागची. मीच घातली."

मागून कुणीतरी बोललं, "माघारी आलेलीची माती, दुसरं काय व्हनार?" तात्यांनी मेंढवाड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आणि जिनं कुंकू लावलं होतं, तीही मान हलवत होती. त्या माउलीला मी अजून माफ केलेलं नाही.

दिवाळीआधी भावांनी भट्टी पाडली. आत्यानं लोणी देवकरच्या एका कारखान्यात काम धरलं. टेम्पोत सामान चढवताना आबा आले, फाळक्यावर हात ठेवून जरा उभे राहिले आणि गेले. टेम्पो रस्त्याला लागल्यावर माझ्यानं राहवेना. "खरं का न्हाय सांगितलंस? जागा गेली, भट्टी गेली, सगळं गेलं!"

"मला लोणी तरी हाय जायला," आत्या म्हणाली. "आबांनी कुठं जायाचं?"

आता ती पत्र्याच्या एका खोलीत राहते आणि कारखान्यात खोकी बांधते. घरमालक भट्टी लावू देत नाही. महिन्यातून एकदा मी तिला भेटायला जाते. तिचे हात आता स्वच्छ असतात. मला ते बघवत नाहीत.