दुसऱ्याच्या पॅनवर

कॅलेंडरमधले बाराही फोटो माझे होते, आणि मला उभं केलं होतं सत्काराचे फोटो काढायला.

मुळशीच्या धरणाकाठचं रिसॉर्ट. भातलावणीपासून मळणीपर्यंतचे माझे फोटो हिंजवडीच्या एका कंपनीनं विकत घेतले होते. त्यांच्या कॅलेंडरचं प्रकाशन होतं. जुलैच्या पानावर माझी आई. गुडघाभर चिखलात वाकलेली, डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ. पानाखाली बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचं नाव. नाव रणजितदादाचं.

रणजितदादा रिसॉर्टच्या मालकाचा मुलगा. आई वाकली होती ते खाचरही त्यांचंच. कंपनीच्या मॅडमनी त्याला विचारलं, "या मावशी कोण?"

"आमच्याच शेतावरच्या. लहानपणापासून बघतोय त्यांना. म्हणून तर असा फोटो मिळाला."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आणि ही?"

"ही बौद्धवाड्यातली. कॅमेरा-बिमेरा सांभाळते. हुशार आहे तशी."

हुशार आहे तशी! त्या 'तशी'त माझी पायरी मला दाखवून झाली होती. त्यानं खांद्यावर शाल घेतली आणि मान वळवून मला म्हणाला, "काढ गं. कॅलेंडर नीट दिसलं पायजे."

मी काढला. चांगला काढला. हात जरासुद्धा हलला नाही याची आज लाज वाटते.

आता कुणी विचारेल, तुझे फोटो त्याच्या नावावर गेलेच कसे? चोरले नव्हते त्यानं. मीच दिले होते.

बारावीनंतर मी पिरंगुटच्या एका स्टुडिओत लागले. लग्नं, बारशी, साखरपुडे. नंतर जुना कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी आमचंच शिवार टिपायला लागले. रणजितदादानं फोटो पाहिले. गिऱ्हाईक त्यानंच आणलं. कंपनीनं बिल मागितलं, बिलावर पॅन मागितला. त्यांना पैसे देताना कर कापून त्या नंबरावर भरावा लागतो. माझ्याकडे पॅन नव्हता. काढते म्हणाले, तर तो हसला.

"काढ की. मग बघ मजा. पॅन काढला की सरकारला कळतंय घरात कमावतं माणूस हाय. आईचं रेशन बंद. निराधारची पेन्शन बंद. तुमच्या लोकांचं असंच, सवलत बी पायजे अन् पॅन बी पायजे. माझ्या नंबरावर टाकू बिल. तुला पैशाशी मतलब."

शेवटचं वाक्य तर मला उपकारासारखं वाटलं होतं. वडील मी सहावीत असताना गेले. त्यानंतर रेशनचा तांदूळ आणि ती पेन्शन यावरच आमची चूल पेटत होती. त्या भीतीपोटी मी तीन वर्षं त्याच्या नंबरावर बिलं जाऊ दिली. पैसे तो द्यायचा, खोटं कशाला बोलू? पण ज्याचा पॅन त्याचं बिल, आणि ज्याचं बिल त्याचे फोटो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे पहिलंच कॅलेंडर, ते छापून हातात आलं तेव्हा कळलं.

प्रकाशन आटोपून घरी गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. मी कॅलेंडर तिच्यापुढे टाकलं. तिला वाचता येत नाही, म्हणून नाव मीच वाचून दाखवलं.

"त्येचं नाव का?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पॅन, बिल, रेशन, पेन्शन. तुझ्यासाठीच गप्प बसले, असंही सांगितलं. ते सांगताना मला स्वतःचा जरा अभिमानच वाटत होता.

आई उठली. पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात रेशनकार्ड, पेन्शनचं पासबुक, वडिलांचा मृत्यूचा दाखला. आणि एक पॅनकार्ड. तिच्या फोटोचं, तिच्या अंगठ्याचं.

"ह्ये कधी काढलंस?"

"लई दिस झाले. बचत गटाची अध्यक्ष न्हाई का मी? बँकेच्या सायबानं मागितलं, सगळ्या जणींनी जाऊन काढलं."

"आणि रेशन?"

"ह्यो काय मग, रेशनचाच तांदूळ निवडतीया."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू कवा इचारलंस? तू त्येला इचारीत बसलीस."

मी भिंतीला टेकून खाली बसले. अंगठा उठवणाऱ्या माझ्या आईकडे ते कार्ड होतं आणि बारावी शिकलेली मी तीन वर्षं भीत होते. राग रणजितदादाचा यायला हवा होता. आधी आला तो माझाच. शिकलेल्या माणसाला फसवणं इतकं सोपं असतं? असतं. आपलं कोण आणि शहाणं कोण, हेच त्या शिकलेल्याच्या डोक्यात उलटं भरलेलं असलं की फार सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी पौडच्या ई-सेवा केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी आधार नंबर घातला, माझ्या फोनवर आलेला ओटीपी विचारला. चहा येईपर्यंत पॅन आला. मी रेशनचं विचारलं. त्या म्हणाल्या, "रेशन मिळकतीवर असतं ताई, पॅनकार्डावर नाही. मिळकत वाढली तर तेव्हा बघा की." एवढंच होतं ते. एवढ्यासाठी तीन वर्षं गेली.

कंपनीला फोन लावला. फोटो माझे आहेत म्हणाले. पलीकडचा माणूस अगदी सभ्य होता.

"तुमची आधीची बिलं पाठवता का?"

"बिलं त्यांच्या नावावर आहेत. पण मूळ फाइली माझ्याकडे आहेत. सगळ्या."

"मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये फोटोग्राफर तेच आहेत. फाइल म्हणजे बिल नाही ना."

तीन-चारदा फोन केला. प्रत्येक वेळी तेवढाच सभ्यपणा आणि तेच उत्तर. रणजितदादाच्या आयकर विवरणात तीन वर्षांची फोटोग्राफी नोंदलेली आहे. लेन्सचं झाकण कसं काढतात हे त्याला विचारून बघा! आणि कागदोपत्री मी आजवर एकही फोटो विकलेला नाही.

गणपती झाले आणि तो स्वतः दारात आला. गाडीतून उतरला नाही, काच खाली केली.

"पुढच्या सालाचं कॅलेंडर आपल्यालाच हाय. भात निसवलंय, लोंब्या आल्यात, उद्यापासून लाग कामाला."

"लागते. बिल माझ्या पॅनवर जाईल. नाव माझं छापायचं."

"पॅन काढलास व्हय? आईचा इचार कर की जरा."

"आईकडं कवापासनं पॅन हाय, दादा. रेशन बी चालू हाय."

त्याचा चेहरा पडला नाही. असले चेहरे पडत नसतात. तो म्हणाला, "गिऱ्हाईक मी आणलं. शेत माझं. बाया माझ्या शेतातल्या. तुझं काय हाय त्यात?"

"फोटो."

"पैसे वाढवून देतो. मग तर झालं?"

"न्हाई."

"एवढ्याशा नंबरावरनं काम सोडणार?"

"व्हय."

"सोड मग. आमच्या बांधावर कॅमेरा घेऊन दिसलीस तर बघ."

गाडी गेली. काम गेलं. आईलाही त्यांनी कापणीला बोलावलं नाही. ती दुसऱ्यांच्या शेतावर जाते, लांब पडतं, रोज चालत जाते. मला ते बघवत नाही. पण परत जा असं ती एकदाही म्हणाली नाही.

माझ्या नंबरावर अजून एकही बिल निघालेलं नाही. कुणी फोटो मागितले की मी आधी दोनच गोष्टी विचारते: बिल कुणाच्या पॅनवर, आणि खाली नाव कुणाचं. समोरचा हसला, "बघू की नंतर" म्हणाला, की मी कॅमेरा पिशवीत घालते आणि उठते. समजावत बसत नाही. परवा नांद्याच्या एका बिल्डरच्या ऑफिसातून अशीच उठले. तो मागून म्हणाला, "अहो ताई, एवढ्यावरून?"

हो. एवढ्यावरूनच.