मधल्या सुट्टीतल्या पाट्या

माझ्या अंगात मिजास आहे, असं सासरी नेहमी म्हणत. असेल. पण कलकत्त्याच्या शाळेत ती कामाला आली, हेही तितकंच खरं.

यजमान रेल्वेत, त्यांची बदली गार्डन रीचला झाली. घरात बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून मी जवळच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. फाळणी होऊन फार दिवस झाले नव्हते. पूर्व बंगालातून आलेल्या मुलींनी वर्ग गच्च भरले होते. माझं बंगाली मोडकंतोडकं. मला 'दिदिमणी' म्हणणाऱ्या मुली फिदीफिदी हसत, मग मीही हसे.

हसत नसे ती एकच. पाचवीतली, शेवटच्या बाकावरची. गाव, घर, सगळं मागे टाकून आलेली. काही विचारलं की खाली मान घालून उभी राही, तोंडातून अवाक्षर नाही. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळ्या 'बडदी' म्हणत. त्यांनी फर्मान काढलं, की कच्च्या मुलींनी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून पाढे घोकायचे. आणि दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत ही मुलगी बोलली नाही, तर तिला खाली चौथीत बसवायचं.

माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या खोलीत गेले.

"बडदी, सकाळपासून बाकावर बसून पोरींची अंगं आंबून गेलीत. आणखी बसवून काय साधणार? त्यांची सुट्टी त्यांना परत द्या."

"आणि गणित?"

"ते माझ्याकडे लागलं."

"मग ती मुलगीही तुमच्याकडेच लागली," बडदी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पदर खोचला आणि विटेच्या तुकड्याने अंगणात आट्यापाट्या आखायला घेतल्या. मधून एक लांब उभी पाटी, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या, प्रत्येकीवर एक राखणदार. बाकीच्यांनी त्यांना हुलकावणी देऊन पार जायचं. आपला अस्सल मराठी खेळ या बंगाली पोरींना शिकवते आहे, अशी माझी ऐट. तेवढ्यात मागून आवाज आला, "दिदिमणी, घरं फार मोठी झाली. अशाने कुणी सापडायचंच नाही."

वळून बघते तर तीच! माझ्या हातातून विटेचा तुकडा घेऊन तिने पाट्या भराभर जवळ ओढल्या. तिच्या गावी हाच खेळ 'दाडियाबांधा' म्हणून खेळत. माझी ऐट पार उतरली, आणि आनंद असा झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

मग काय, रोजची सुट्टी तिचीच झाली. कोण कुठे उभं राहणार, कोण बाद, सगळं ती ठरवी आणि घसा ताणून सांगे. पूर्वी दुपारच्या तासाला निम्म्या पोरी पेंगत. आता घामाघूम होऊन येत, घटाघट पाणी पीत आणि टवटवीत बसत. न खाल्लेला डबा घरी नेणाऱ्या मुली तो चाटूनपुसून साफ करू लागल्या. गणितं बरोबर यायला लागली. खेळाने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांना माझा वर्ग आणून दाखवायला हवा होता.

पूजेच्या तोंडावर एके सकाळी बडदी स्वतः वर्गात आल्या. तिलाच उभं केलं आणि तोंडी गणित घातलं. मैदानावरच्या खणखणीत आवाजात तिने उत्तर दिलं. दुसरं घातलं, तेही बरोबर. चौथीचा विषय तिथेच संपला. अभिमानाने मला आभाळ ठेंगणं झालं, आणि ते मी मुळीच लपवलं नाही.

त्याच दिवशी मधली सुट्टी संपत आली तेव्हा बडदी व्हरांड्यात उभ्या होत्या. माझी ती मुलगी उभी पाटी राखत होती, ओरडत होती, हसत होती. दरवान घंटेकडे निघाला. बडदींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"डाव संपू दे," त्या म्हणाल्या.